काहिलीत शिजलेली माती

"मर ना रे बाबा," मी म्हणाले. "या दिवसांत सगळे मरतात. तुलाच काय धाड भरलीय?"

रोप हललं. वाऱ्यानेच हललं, पण फारच टवटवीत हललं. मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले होते. मांडीवर नोंदवही, कानामागे पेन्सिल.

पलीकडच्या वांग्यांतून नाना डुंबरे उभे राहिले. "कुणाशी बोलतीस गं इंदे?"

"याच्याशी. मरत नाही म्हणतंय."

"गोडीनं सांगून कुणी मरतंय का? चांगल्या शिव्या दे."

दिल्या. नानांनीही दोन दिल्या, माझ्यापेक्षा खणखणीत. रोपाने त्या अंगाला लावून घेतल्या नाहीत.

*लागवडीनंतर दिवस २१. मेलेली रोपं: ०.*

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वेडी ठरवाल.

सत्त्याण्णव साल. जुन्नरच्या अलीकडे, ओढ्याला लागून भाजीपाल्याचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे मी, इंदू औटी, वय सव्वीस, हंगामी मदतनीस. माझ्या ताब्यात दोन गुंठ्यांचा एक वाफा होता आणि त्या वाफ्यात आठ वर्षं टोमॅटोशिवाय दुसरं काही लावलेलं नव्हतं. टोमॅटो पिकवायला नाही. मरायला. मर रोगाची बुरशी त्या मातीत मुद्दाम वाढवलेली. मेलेलं रोप उपटून फेकायचं नाही, बारीक तोडून तिथेच गाडायचं, म्हणजे पुढच्या वर्षी बुरशीला खायला घरचंच. पहिली तीन वर्षं हे काम नानांनी केलं, नंतरची पाच मी. थोडक्यात, रोगाची तब्येत सांभाळायची.

का? तर टोमॅटोचे नवे वाण तिथे लावून बघायचे. जो त्या मातीत तगेल तो खरा. आणि दर दोन ओळींमध्ये एक ओळ असायची एका अगदी लेच्यापेच्या वाणाची. आम्ही त्याला भोळा म्हणायचो. भोळ्याने मरायचं, एवढंच त्याचं काम. भोळा मेला की समजायचं, मातीत रोग आहे, आणि शेजारी जो उभा राहिला तो स्वतःच्या बळावर. भोळाच जगला तर बाकीच्यांच्या जगण्याला काही अर्थ नाही.

गावात त्याला मरणवाफा म्हणत. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मावशीने विचारलं होतं, "मुलगी काय काम करते?" आई म्हणाली, "सरकारात आहे." मावशी म्हणाली, "पण करते काय?" मी खरं ते सांगितलं. "टोमॅटो मारते." त्यांनी पोहे संपवले नाहीत.

दरवर्षी अठराव्या दिवसापासून सुरू व्हायचं. आधी एकाच बाजूची पानं पिवळी, दुसरी बाजू हिरवी. मग दुपारी मान टाकायची, संध्याकाळी उचलायची. मग एक दिवस उचलायचीच नाही. खोड उभं चिरलं की सालीखाली मुळापासून वर गेलेला तपकिरी धागा. बुरशी मुळातून शिरते, पाण्याच्या नळ्यांतून वर चढते आणि त्या तुंबवते. पस्तिसाव्या दिवशी भोळ्याच्या ओळी सपाट.

त्या वर्षी:

*दिवस २२. मेलेली रोपं: ०.*

*दिवस २३. ०.*

*दिवस २४. ०.* या शून्यापुढे पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे. ते मी काढलेलं नाही.

ते कुर्लेकर मॅडमनी काढलं. डॉ. मालती कुर्लेकर, केंद्रप्रमुख. बोलणं टाचणीसारखं, लहान आणि नेमकं. त्या वर्षी वाफ्यात होते ते बारा वाण त्यांचे. सहा वर्षं खपून तयार केलेले. सत्तेचाळिसाव्या दिवशी विद्यापीठातून तीन जण पाहणीला येणार होते.

मॅडमनी वही टेबलावर ठेवली, प्रश्नचिन्ह काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं.

"औषधांच्या शेडची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"वाफ्याला पाणी कोण देतं?"

"मीच."

"मागच्या साली चहाच्या वेळी 'यांना एकदा तरी पिकू द्या' असं कोण म्हणालं होतं?"

मी हात वर केला.

"इंदू, मी रागावलेली नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दया आली, बुरशीवरच्या निळ्या औषधाची एखादी झारी फिरवलीस. होतं माणसाकडून. फक्त सांग. चाचणीत औषध पडलं असं लिहीन, चाचणी बाद करीन, विषय संपेल."

"नाही फिरवली, मॅडम."

"मग हे शून्य कुठून आलं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. आणि माहीत नसलेलं मी लिहू शकत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या हंगामाच्या यादीत तुझं नाव कसं घालू, तेही मला माहीत नाही. पाहणीच्या दिवसापर्यंत विचार कर."

बाहेर आले आणि वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. ते पान अजून आहे.

*माझ्याविरुद्ध:* किल्ली. झारी. ते वाक्य. शून्य.

*माझ्या बाजूने:*

(हा रकाना कोरा आहे.)

संतापाने माणूस काहीतरी उपटतो. मी भोळ्याचं एक रोप उपटलं. परवानगीशिवाय. म्हटलं, नाव तर जाणारच आहे, एक रोप जास्त. बादलीत मुळं धुतली आणि बघत बसले.

पांढऱ्या मुळांवर बारीक बारीक तपकिरी ठिपके होते, डास चावल्यासारखे. ब्लेडने एक मूळ चिरलं. ठिपका सालीपाशी होता आणि तिथेच थांबला होता. दुसरं चिरलं. तसंच. खोड चिरलं, आतून स्वच्छ, काकडीसारखं. पाच वर्षं मी तो तपकिरी धागा बघत आले होते. इथे बुरशी दारापर्यंत आली होती, पण तिला आत कुणी घेतलं नव्हतं.

मी मुळं ओंजळीत घेऊन धावत सुटले. पाणी ठिबकत होतं, कचेरीची फरशी ओली झाली.

मॅडमनी पातळ काप घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला. बराच वेळ बघितलं.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे. मुळाने तिच्यासमोर भिंत जाड करून घेतलीय. हे तसं प्रत्येक मूळ करायला जातं, पण भोळ्याला नेहमी उशीर होतो. या वेळी वेळेत झालंय."

"म्हणजे मी औषध टाकलेलं नाही! टाकलं असतं तर बुरशी जिवंत कशी राहिली असती?"

मॅडमनी मान वर केली. "किंवा थोडंच टाकलं असशील."

फरशी पुसली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी कुणालातरी बोलत होती. बघते तर दह्याच्या गाडग्याला.

"तीन दिवस झाले, दह्याला नुसती तार सुटतेय. घासलं, उन्हात ठेवलं, काही उपेग नाही. आता उकळूनच काढते मेल्याला."

"उकळल्यावर जाईल?"

"जाईल नाहीतर काय. उकळलं की आतलं जुनं विरजण मरतं."

मी दात घासत होते. हात थांबला. "आई, आणि गाडग्यात कुणी मीठ टाकलं असतं तर? ते उकळून गेलं असतं?"

"मीठ कधी उकळून मरतंय होय गं? जिवंत असतं तेच मरतं. चूळ भर आधी, सगळी पेस्ट हनुवटीवर आलीय."

मी चूळ भरली की नाही आठवत नाही. सायकलवर बसल्याचं आठवतं.

"मॅडम, माती उकळायची!"

कुर्लेकर मॅडम फाटकातून आत येत होत्या. छत्री मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"निळं औषध तांब्याचं असतं ना? तांबं उकळून मरत नाही. मी ते टाकलं असेल तर मातीत आहेच, उकळली तरी राहणार, आणि रोपं जगणार. पण रोपांना वाचवणारं जे काही आहे ते जिवंत असेल, विरजणासारखं, तर उकळल्यावर मरेल. आणि मग त्या मातीत आपण प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली बुरशी सोडली की रोपं..."

"मरतील," मॅडम म्हणाल्या.

"मरतील!" मी इतकी आनंदाने ओरडले की नानांच्या हातून पाइप सुटला.

मॅडम तिथेच फाटकात उभ्या राहून बोटांवर मोजायला लागल्या. ओढ्याकाठच्या मातीत बुरशी घालून दहा पिशव्या, त्या मेल्याच पाहिजेत. वाफ्याच्या कच्च्या मातीत बुरशी घालून दहा. वाफ्याच्या उकडलेल्या मातीत बुरशी घालून दहा. "आणि उकडलेल्या मातीत बुरशी न घालता दहा. नाहीतर कुणी म्हणेल, शिजवलेली मातीच रोपांना बाधली." रोपं रोपवाटिकेत उरलेल्या भोळ्याची. पिशव्या जाळीघरात, कुलूप मॅडमचं. पाणी नाना देणार. मी जाळीबाहेर.

"मी बाहेर का?"

"तू आरोपी आहेस म्हणून," मॅडम म्हणाल्या. पण तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी होतं, हसू म्हणावं इतकं नाही.

अडचण एकच. प्रयोगशाळेतल्या वाफेच्या भांड्यात दोन डबे मावायचे. आम्हाला हवी होती चार घमेली माती. एवढं भांडं अख्ख्या गावात एकच होतं.

भैरवनाथाची काहील. यात्रेला अख्ख्या गावाची आमटी हिच्यात शिजायची. बाहेर काढली की चार माणसं धरायला लागत आणि एक माणूस बरोबर चालायला लागायचा, तो म्हणजे सोपानकाका खैरे. काहील त्यांच्या ताब्यात होती, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांच्या.

"किती पान आहे?" त्यांनी विचारलं.

"पान नाही, काका. माती शिजवायचीय."

सोपानकाका देवळाच्या पायरीवर बसले. "आणि खाणार कोण?"

"टोमॅटो."

नाना मागे उभे राहून खोकले. ते हसू दाबायला खोकतात हे काकांना ठाऊक होतं. काकांनी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "न्या. पण एक आहे. काहील देवळाबाहेर गेली की तिच्यात शेवटचं शिजतं ते अन्न असावं लागतं. माती शिजवून तशीच आणाल तर मी आत घेणार न्हाई. अन्न शिजवायचं, दारात येईल त्याला वाढायचं, मग काहील परत. यात्रेच्या आत."

"कबूल," मी म्हणाले. मॅडमना विचारायचं राहूनच गेलं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता केंद्राच्या आवारात चूल पेटली. तळाला पाणी, पाण्यात दगड, दगडांवर मातीने भरलेल्या गोण्या, वरून ओली गोणपाटं. वाफ सुटली तसा एक वास आला. तापलेल्या तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा असतो ना, तसा काहीसा. धूर वाडीपर्यंत गेला. भैरवनाथाची काहील बाहेर निघालेली सगळ्यांनी बघितलीच होती. आठच्या सुमाराला दोन बायका डबे घेऊन आल्या, मग तीन माणसं, मग ताटली घेऊन एक उंच, लाजरा माणूस.

"काय केलंय?" त्याने विचारलं.

"माती," नाना म्हणाले. "अजून अर्धा तास. बसा, गरम गरम वाढतो."

"वास तर चांगला येतोय," तो माणूस खरंच म्हणाला. (पुढे दोन वर्षांनी मी त्याच्याशी लग्न केलं. ती गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी तो ताटली मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून राहिला, हे इथे नोंदवून ठेवते.)

सोपानकाकांनी नारळ फोडला. मग बंडीच्या खिशातून पुडी काढली आणि गोणपाटाचा एक कोपरा उचलला.

"काका, ते काय?" मॅडमनी विचारलं.

"हळद. पहिल्या वाफेत मूठभर हळद पडतीच. माझ्या आज्यापासून."

मॅडम चपला सोडून धावल्या. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं धावताना बघितलं. त्यांनी काकांचं मनगट वरच्या वर धरलं. "काका! हळद नाही! हळदीने बुरशी मरते!"

"मग तर बरंच की."

"नको मरायला!"

बसलेल्या सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं. सरकार बुरशी वाचवतंय, ही बातमी दुपारपर्यंत ओतूरला पोचली असणार.

काकांचा हात हवेत, मूठ बंद, मॅडमची पकड घट्ट. शेवटी तह झाला. हळद चुलीत पडली. काका पुटपुटले, "ऱ्हायली म्हंजे ऱ्हायली. कधीतरी टाकायलाच लागंल."

अठ्ठाविसाव्या दिवशी चाळीस पिशव्या भरल्या. मग सुरू झालं वाट बघणं.

पिशव्यांचा पाचवा दिवस. सगळं हिरवं.

आठवा. सगळं हिरवं. सोपानकाका काहील बघून गेले. ती आंब्याखाली पालथी पडली होती आणि तिच्यावर केंद्राचं मांजर झोपत होतं.

दहावा. ओढ्याच्या मातीतल्या तीन पिशव्या, एका बाजूने पिवळ्या. बाटलीतली बुरशी कामाची आहे. उकडलेल्या मातीत बुरशी घातलेली दहाच्या दहा हिरवी. मी जाळीला नाक लावून उभी. नाना आतून म्हणाले, "लई खूश आहेत गं ही. शिजवलेलं पचायला हलकं पडत असंल."

"नाना, माझी नोकरी आहे त्यात."

"आगं म्हणून तर पाणी कमी घालू का म्हणतोय."

"नाही! अजिबात नाही! बरोबर तेवढंच घाला!"

बाराव्या दिवशी घात झाला. कच्च्या मातीतलं, म्हणजे जे जगायलाच हवं त्यातलं एक रोप आडवं. मॅडमनी कुलूप काढलं आणि पहिल्यांदाच मला आत बोलावलं. आम्ही तिघं त्या पिशवीभोवती वाकलो. तेरड्यासारखं पार लोळलं होतं. मॅडमनी ब्लेड माझ्या हातात दिलं. "तू चिर."

मी चिरलं. धागा नव्हता. आत स्वच्छ, ओलं, हिरवट पांढरं. मग बुंध्यापाशी बोट फिरवलं तर दोन छोट्या दातांच्या खुणा.

"उंदीर!" मी म्हणाले.

"उंदीर," मॅडमनी नोंद केली आणि नानांना म्हणाल्या, "त्या मांजराला काहिलीवरून उठवा आणि आत आणून बांधा."

तेराव्या दिवशी मी नाक्यावर चहा पीत होते. नाना सायकल हाताने ढकलत येताना दिसले. सायकलवर बसायचंही सुचलं नव्हतं त्यांना.

"इंदे! पिवळं!"

"कुठलं?"

"शिजलेलं!"

मी चहा अर्धा टाकून पळाले. उकडलेल्या मातीतलं चौथं रोप. एकाच बाजूची दोन पानं, हळदीसारखी. दुसरी बाजू हिरवी. मी जाळीबाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग लाज वाटली. एक रोप मरतंय आणि ही बाई टाळ्या वाजवतेय, आणि हिच्यावर आरोप काय तर दयेचा.

*पिशव्यांचा दिवस १९. ओढ्याची माती, बुरशी: मेली १०. वाफ्याची कच्ची माती, बुरशी: मेली ०, उंदराने १. वाफ्याची उकडलेली माती, बुरशी: मेली ९, दहावं मान टाकून. उकडलेली माती, बुरशीशिवाय: मेली ०.*

हे आकडे मॅडमनी पाहुण्यांपुढे वाचले. सत्तेचाळिसावा दिवस, ऊन रणरणतं, तिन्ही पाहुण्यांच्या डोक्यावर रुमाल. वाफ्यात भोळा कमरेएवढा, फुलांनी भरलेला.

"आणि तुमचे बारा वाण?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं.

"बाद," मॅडम म्हणाल्या. "सगळे पास झाले म्हणजे कुणीच पास झालं नाही. पुन्हा दुसरीकडे, नव्या मातीत."

सहा वर्षं त्यांनी एका वाक्यात खाली ठेवली. आवाज जराही हलला नाही. त्याच दमात म्हणाल्या, "वाफा मात्र नांगरायचा नाही. त्याच्यात काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

मॅडम खाली बसल्या, वाफ्यातली मूठभर माती उचलली.

"मुळावर बुरशी चालून आली की मूळ नुसती भिंत बांधत नाही. मातीत काहीतरी पाझरतं. साखर म्हणा, आंबट म्हणा. त्यावर मातीतले दुसरे बारीक जीव गोळा होतात. मुळाला खेटून बसतात, बुरशीला टेकायला जागा देत नाहीत, आणि त्यांच्या सोबतीने मुळालाही भिंत वेळेत उभी करता येते. मी हे कुठेतरी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. इथे आठ वर्षं रोपं मरत होती. मरायच्या आधी त्यातल्या प्रत्येकाने असं बोलावलं असणार. ते जीव त्याच्यासाठी उशिरा आले. पण आले ते राहिले. पुढच्या रोपासाठी थोडे जास्त. त्याच्या पुढच्यासाठी आणखी."

"म्हंजे मी मारलेली बी धरा त्यात," नाना मागून म्हणाले. "पहिली तीन वर्सं माझी."

"धरली, नाना."

त्या दिवशी मॅडम मला काही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी कचेरीतल्या फळ्यावर पुढच्या हंगामाची यादी लागली. तिसरं नाव, औटी इंदू. मी ती चार वेळा वाचली. आनंद झाला. पण वहीत चोविसाव्या दिवसापुढे ते प्रश्नचिन्ह तसंच होतं. रोज वही उघडली की आधी तेच दिसायचं, आकड्यापेक्षा मोठं, पोट पुढे काढून उभं.

बहात्तराव्या दिवशी सोपानकाका काठी आपटत आले. "परवा यात्रा. काहील?"

मी मॅडमना ती अट सांगितली. पंचेचाळीस दिवस उशिरा.

"दारात येईल त्याला?" मॅडम म्हणाल्या. "अन्न कुठलं देणार?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मॅडमनीही बघितलं. मरणवाफा लालभडक झाला होता. आठ वर्षांत तिथलं एक फळ कुणी पिकलेलं बघितलं नव्हतं. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. दिवस, मेलेली, शेरा. बस.

मॅडमनी पट्टी घेतली आणि 'मेलेली' शेजारी एक नवी उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'पिकलेली'.

*दिवस ७३. मेलेली: ०. पिकलेली: अकरा पाट्या.*

काहील घासून घासून चकचकीत केली. टोमॅटोची आमटी, मसाला माझ्या आईचा, भाकऱ्या वाडीतल्या बायकांच्या. सकाळीच अख्खं गाव आवारात. तो उंच, लाजरा माणूस या वेळी मोठी ताटली घेऊन आला होता. पोहे न संपवलेली ती मावशी आणि तिचा भाचाही आले होते. मावशीने दोनदा वाढून घेतलं. मी मुद्दाम सांगितलं, "मीच मारायचे ते, हेच."

पण त्याआधी, पहिली वाफ सुटली तेव्हा, सोपानकाकांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मॅडमकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"टाका, काका," मॅडम म्हणाल्या.

"मूठभर?"

"राहिलेली पण. दोन टाका."

काकांनी दोन मुठी टाकल्या. आमटी पिवळीजर्द झाली आणि जरा कडवटही, पण कुणाची बोलायची छाती झाली नाही.

मॅडमनी पळी घेतली, फुंकर घालून चाखली. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी, तशाच आवाजात, "इंदू, खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

होतं. माझ्याकडे नेहमीच असायचं. पळी डाव्या हातात तशीच धरून त्यांनी माझ्या मांडीवरची वही ओढली, चोविसावा दिवस काढला आणि खोडायला लागल्या. दाबून दाबून. पळीतली आमटी पानावर सांडली तरी थांबल्या नाहीत. मग फुंकर मारून कण उडवले, शेऱ्याच्या रकान्यात शाईच्या पेनाने लिहिलं, 'औषध दिलेले नाही', खाली सही केली आणि मीठ आणायला गेल्या.

केंद्र हललं तेव्हा जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. ही मी मागून घेतली. चोविसाव्या दिवसावर आमटीचा डाग आहे, अजून पिवळा. आणि शून्याच्या उजवीकडे बोट फिरवलं की कागद तिथे जरा पातळ लागतो.